उबदार भिंत

टक्.

खोलीत इतकी शांतता होती, की त्या एवढ्याशा आवाजानंही मी दचकले आणि पाळण्याकडं पाहिलं. जाईनं डोळे उघडले नव्हते. टोपड्याखाली बोटभर कपाळ, घट्ट मिटलेली मूठ, आणि श्वास चालू आहे ना हे बघायला तिच्या नाकापाशी धरलेली माझी करंगळी.

टक्. पुन्हा.

“पाइप तापतोय,” उंबऱ्याशी लसूण सोलत बसलेल्या आत्ती म्हणाल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. “लोखंड तापलं की बोलतं. तू पड गुमान. बाळंतिणीनं असे कान टवकारू नयेत, म्हातारपणी ठणकत्यात.”

“मग तेव्हा तुम्हालाच बोलवीन तेल घालायला.”

“तवा मी वर असंन. वरनंच सोडते दोन थेंब.”

बाहेर पाऊस कोसळत होता आणि तो आम्हाला जवळजवळ ऐकू येत नव्हता. दूर कुठंतरी कुणी तांदूळ पाखडतंय, इतपतच. कारण घराला झडी लावलेली होती.

आमचं घर महाबळेश्वराच्या डोंगरावर, कोयनेच्या दरीकडं पाठ करून उभं आहे. इथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. म्हणून मे महिन्यातच घराला बाहेरून गवताचा अंगरखा चढवतात. केंबळ नावाचं लांब, चिवट गवत बांबूच्या चौकटीत दाबून बांधायचं आणि ती चौकट छपरापासून जमिनीपर्यंत भिंतीला आवळून टाकायची. ही झडी. खिडक्यासुद्धा तिच्याखाली जातात. मी कराडची, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मला वाटलं होतं, कुणीतरी आपल्याला गवताच्या गंजीत पुरून ठेवलंय. दिवसा दिवे लावायचे, आणि वीज गेली की अंधारात बसायचं. ढग मात्र कुठूनतरी आत यायचेच. चादरी ओल्या, मीठ ओलं, काड्यापेटी ओली.

आणि माझे सासरे, नाना, हे झडी बांधण्यातले बादशहा. मोठमोठ्या बंगल्यांची बोलावणी त्यांना असायची. त्यांच्या झडीआड उभं राहून वादळात बिडी पेटवावी, असं गावात म्हणायचे. नाना स्वतः काही म्हणायचे नाहीत. ते बोलायचेच कमी. काम झालं की झडीवरून एकदा तळहात फिरवायचे, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि निघायचे.

जाई दोन महिने आधी जन्मली. साताऱ्याच्या दवाखान्यात कितीतरी दिवस ती काचेच्या पेटीत होती. नळ्या, दिवा, आणि मध्ये सोललेल्या शेंगदाण्याएवढा लाल जीव. माहेरी माझी आई नाही, म्हणून तिथून सासरीच यायचं होतं. पेटीतून बाहेर काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझा नवरा संपत आणि मी, दोघांना समोर बसवून सांगितलं, “हिला दोनच गोष्टी हव्यात. ऊब आणि कोरडी हवा. आणि एक अजिबात नको. धूर. शेकशेगडी, धुरी, काही म्हणजे काही नाही. हिची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. वजन घटलं किंवा छाती भरली तर परत पेटीत, आणि तेव्हा मी काही कबूल करू शकणार नाही.”

महाबळेश्वर, जुलै महिना, ऊब आणि कोरडी हवा. 

घरी पोचल्यावर संपतचं म्हणणं एवढंच होतं, की साताऱ्याला खोली घेऊ. नाना ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कशापायी?”

“हितं लाइट टिकत न्हाई. हीटर लावून काय उपयोग? आणि शेगडी पेटवायची न्हाई.”

“माझ्या घरात माझी नात गारठंल व्हय?”

“नाना, तुमच्या घराचा प्रश्न न्हाई. हवेचा हाय.”

“मग हवा बदल,” नाना म्हणाले. “बॉयलरवर कामाला हायेस ना? येवढ्या हाटेलाला गरम पानी देतोस. आपल्या एका खोलीला ऊब द्याया येत न्हाई?”

संपत हॉटेलात बॉयलर आणि पंप बघायचा. तो टोमणा त्याला बरोबर लागला. दोन दिवसांत त्यानं एका छोट्या ऑइलच्या ड्रमची लोखंडी चूल करून आणली. पुढं झाकण, खाली राखेचा खण, मागं धुराला पाइप. आत लाकूड जळेल, ऊब खोलीत राहील, धूर पाइपातून घराबाहेर. प्रश्न एवढाच होता, की घराबाहेर कुठून.

“छपरातून सरळ वर,” संपत म्हणाला.

“मिरगानंतर छपराला भोक?” नाना उठूनच उभे राहिले. “मेलास तू. भोकाभवती कितीबी डांबर फास, पानी वाट काढतंच.”

“मग भिंतीतून.”

“धूर आडवा जाईल का रं?” आत्तींनी विचारलं. “त्याला वर जायाची सवय.”

“थोडा आडवा, मग बाहेर कोपर घालून उभा. छपराच्या वर हातभर काढायचा. उभा पाइप जितका उंच, तितका तो धुराला वढतो. ते होईल. पण,” संपतनं नानांकडं पाहिलं, “झडी कापावी लागंल.”

नाना झडीकडं बघायला लागले.

“नुसती पाइपाएवढी न्हाई. पाइपाच्या चारी अंगांनी हातभर. तापल्या लोखंडानं आणि गवतानं एकमेकांचं तोंड बघता कामा नये.”

“हातभर फट? झडीला?”

“फट न्हवं नाना, अंतर.”

“गाव काय म्हनंल? त्यापरिस मलाच भायेर काढ नि तिथं उभा कर. मी आडवतो पाऊस.”

“उभं ऱ्हावा की,” आत्ती म्हणाल्या. “तसंबी घरात तुमचा काय उपेग न्हाई.”

नाना हसले, आणि कोयता आणायला गेले. स्वतःच्या हातानं बांधलेली झडी त्यांनी स्वतःच कापली. संपतला हात लावू दिला नाही.

आमच्या मागच्या खोलीची भिंत कुडाची आहे, कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेली. संपतनं तिला चौकोनी भोक पाडलं आणि त्यात गोडेतेलाचा रिकामा डबा, दोन्ही तोंडं कापून, बसवला. डब्याच्या मधोमध पाइप, आणि पाइपाभोवती माती नि राख कालवून गच्च भरली. म्हणजे काठ्यांना झळ नाही. बाहेर झडीतल्या त्या हातभर मोकळ्या जागेवर उताराचा पत्रा ठोकला, छत्रीसारखा. मी पाळण्याशेजारी बसून सगळं बघत होते. घर दुरुस्त करणारा माणूस बघताना मला इतकं भरून का येत होतं, कोण जाणे.

पहिल्यांदा पेटवलं तेव्हा सगळा धूर आतच आला. आत्तींनी पदर तोंडाला लावला, मी जाईला घेऊन सैपाकघरात पळाले. “आलास मोठा बॉयलरवाला!” असं आत्तींचं सुरू झालं, तोवर संपतनं पाइपाच्या बुडाशी एक कागदाचा बोळा पेटवून धरला. “थांबा. आधी पाइपाला ऊब पायजे. गार पाइप धुराला आत घेत न्हाई.” बोळा जळाला. धूर क्षणभर अडखळला, घुटमळला, आणि मग कुणी हाक मारल्यासारखा वळून पाइपात शिरला. सगळाच्या सगळा. मी दारात उभी राहून बघतच राहिले.

बाहेर नाना प्लॅस्टिकची खोळ पांघरून पावसात उभे होते. ते तिथूनच ओरडले, “निघाला! निघाला!” पाव्हणा एकदाचा निघाल्याच्या आनंदात ओरडावं तसं.

ऊब आली. पण संध्याकाळी वारा फिरला आणि त्या हातभर जागेतून पाऊस आत झेपावायला लागला. पत्र्याखालून वारा घुसायचा, डब्याच्या कडेनं पाण्याचा ओघळ भिंतीवरून खाली. भिंत काळी पडली. पाळण्याच्या दोरीवर थेंब आला. जाई शिंकली. एवढंसं ते शिंकणं, मांजराच्या पिल्लासारखं, पण घरातली सगळी माणसं जागच्या जागी थांबली.

“बाळाच्या उशाला फट ठिवून दिलीया,” आत्ती म्हणाल्या. “असलं कसलं शानपन?”

“मी वाईला जाऊन पत्र्याची नीट टोपी करून आणतो,” संपत म्हणाला. “अंतर तसंच ऱ्हाईल आणि पाणीबी येणार न्हाई. तोवर कुणी तिथं काही करू नका.”

तो सकाळी गेला, आणि दुपारी घाटात दरड आली. संपत खाली वाईत, आम्ही वर.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर ओघळ थांबला होता. वाराही आत येत नव्हता. आत्तींनी भिंतीपुढं हात जोडले. संपतचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, “अहो, पाणी थांबलं.”

“थांबलं? आपोआप? नानांना दे.”

नाना फोन कानापासून वीतभर लांब धरून बोलायचे, त्यामुळं दोन्हीकडचं ऐकू यायचं.

“नाना, पाणी कसं थांबलं?”

“वारं फिरलं,” नाना म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन गोठ्याकडं गेले.

मग भिंत गरम व्हायला लागली.

पहिल्यांदा ते मला कळलं. दुपटी वाळत घालताना माझा हात भिंतीला लागला आणि मी तो काढलाच नाही. तळहात, मग मनगट, मग गाल. लग्न होऊन आल्यापासून या घरातली एकही भिंत मला कोरडी लागली नव्हती. ही कोरडी होती, आणि नुसती कोरडी नाही, जिवंत माणसासारखी उबदार. मी आत्तींना हाक मारली. त्यांनी आधी उलटा हात लावला, मग सुलटा, मग सरळ पाठ टेकवून खाली बसल्या आणि डोळे मिटले.

“अगं बाय माझे,” त्या म्हणाल्या. “चाळीस पावसाळं काढलं. अशी पाठ कदी शेकली न्हाई.”

आमच्या संपतनं काय करामत केलीय हे बघायला शेजारच्या सगुणाकाकू आल्या. त्यांनीही पाठ टेकवली. “हिला ताप आलाय जनू,” त्या भिंतीबद्दल म्हणाल्या. “ह्या तापाची साथ आमच्याबी घरात धाडा.” मग त्या रोजच यायला लागल्या; येताना स्वतःची ओली लुगडीही आणायच्या. भिंतीला दोरी बांधली. दुपटी, लंगोट, टोपडी, काकूंची लुगडी, सगळं तासाभरात खडखडीत. आत्तींनी पाळणा सरकवून थेट भिंतीला लावला. “आईच्या कुशीत झोपल्यागत झोपंल,” म्हणाल्या.

आणि जाई झोपली. प्यायली, झोपली, पुन्हा प्यायली. नाना स्ट्रॉबेरी तोलायचा काटा घेऊन आले, पाटीत घडी केलेली गोधडी, गोधडीत जाई. काट्याची सुई थरथरून थांबली. मागच्या खेपेपेक्षा पुढं. नानांनी पाटी उतरवली, पुन्हा चढवली, पुन्हा बघितलं.

“काटा बरूबर हाय ना तुमचा?” आत्तींनी विचारलं.

“यापारी रडत्यात माझ्या काट्याला,” नाना म्हणाले, आणि एक बोट जाईच्या मुठीत देऊन बराच वेळ तसेच बसून राहिले. तिनं ते धरून ठेवलं होतं.

घाट अजून बंदच होता, आणि त्या दिवसांत मी किती सुखात होते. भिंतीला पाठ लावून तिला पाजायचे. मागून ऊब, कुशीत ऊब, आणि पाइपाचं ते टक्‌टक्. देव आहे की नाही यावर मी कधी फार विचार केला नव्हता, पण त्या भिंतीला मी एकदा, कुणी बघत नसताना, कुंकू लावलं.

मग एका दुपारी आत्ती सैपाकघरात होत्या. मी जाईला नुकतीच पाळण्यात ठेवली होती. भिंतीच्या वरच्या कडेतून एक पाल बाहेर आली. पाली आमच्याकडं नवीन नाहीत. झडीत पावसाळाभर एक अख्खं गाव राहतं. पण तिच्यामागं दुसरी आली. मग तिसरी. मग एक गोम, एक काळा विंचू, कोळी, रातकिडे, झुरळं. भिंतीच्या फटींमधून निघून सगळे खाली उतरत होते. कुणी कुणाला खात नव्हतं. पाल विंचवाच्या शेजारून चालली होती. त्यांची ती मुकी रांग पाळण्याखालून दाराकडं निघाली होती. मी ओरडलेसुद्धा नाही. इतकं चमत्कारिक, इतकं शिस्तीचं काही मी कधी पाहिलं नव्हतं. एवढंच केलं, की जाईला उचललं.

तेव्हा वास आला. लाह्या फुटण्याआधी कढईला येतो तसा, गोडसर खरपूस.

“आत्ती!”

आत्ती आल्या आणि किंचाळल्या. त्यांच्या किंचाळण्यानं ओट्यावरून नाना आले. ते दारात थांबले, त्या रांगेकडं पाहिलं, ती ओलांडून भिंतीपाशी गेले आणि तिच्यावर तळहात ठेवला. मी त्यांचा चेहरा बघत होते. ते सरळ वळले आणि गेले, खोळ न घेता, पायात काही न घालता, धावत.

चुलीचं झाकण मी पायानं लोटून बंद केलं आणि त्यांच्यामागं निघाले.

“बाळंतीण भायेर? अगं वारं लागंल! लेकराला वारं लागंल!” आत्ती ओरडत होत्या, आणि ओरडता ओरडता माझ्या डोक्यावर घोंगडी टाकत माझ्याबरोबर धावत होत्या.

घराच्या मागच्या अंगाला आम्ही वळचणीखाली उभ्या राहिलो. पावसाच्या जाड दोऱ्या. झडी नेहमीसारखीच, भिजून काळी, पाणी निथळतंय. कुठं ज्वाळ नाही, ठिणगी नाही. पाइपाच्या वरच्या बाजूला तेवढी किंचित वाफ. मला वाटलं, काहीच नाही, उगाच घाबरलो.

नानांनी दोन्ही हात झडीत खुपसले आणि ती फाडली.

आत आग होती.

आग म्हणजे मी ओळखते तसं जळणं नव्हे. बाहेरचं बोटभर गवत ओलं होतं. त्याच्या आत सगळं काळं आणि पोकळ, आणि त्या काळ्यात लाल ठिपके, हजारो, सरपटत वर चढत होते. आवाज नाही, ज्वाळ नाही. पाइपापासून निघून ते पंख्यासारखे पसरत छपराच्या वाशांपर्यंत पोचले होते. अंगावर एवढा पाऊस घेऊन आत ते शांतपणे आपलं काम करत होते. किती दिवस, देव जाणे. त्याच्या पलीकडं वीतभर माती, आणि मातीला लागून माझ्या मुलीचा पाळणा.

फाडलेल्या जागेतून वारा आत शिरला आणि ते सगळे ठिपके एकदम डोळे उघडल्यासारखे उजळले. मी इतकं सुंदर आणि इतकं भयंकर काही त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

“अवो, कोयता!” आत्ती ओरडल्या.

कोयत्याला वेळ नव्हता. नाना मुठी भरभरून ओढत होते. लाल गवत मागं फेकलं की चिखलात ते फुसकारायचं. चौकटीच्या गाठी त्यांनीच मारलेल्या, वादळात न सुटणाऱ्या. त्या जळक्या दोरांत बोटं घालून ते एकेक गाठ सोडवत होते, आणि तोंडानं, आयुष्यभर न बोललेले नाना, सारखं बोलत होते, “सुट. सुट गं माझे आई. सुट.” आत्ती हंडा भरून आणत होत्या, ओतत होत्या, पुन्हा पळत होत्या. मी लेकराला छातीशी धरून उभी.

तेवढ्यात संपत आला. घाट अर्धा चालत, अर्धा कुणाच्या जीपमधून. नवी पत्र्याची टोपी त्यानं पावसाला म्हणून डोक्यावरच घातलेली. दुसरा कुठलाही दिवस असता तर आम्ही हसून मेलो असतो. त्यानं टोपी फेकली, खालची चौकट खांद्यावर घेतली आणि बाप-लेकांनी मिळून जोर लावला. अख्खी झडी, छपरापासून जमिनीपर्यंत, करकरत सुटली आणि अंगणात आडवी झाली. वाफेचा एवढा मोठा लोट उठला, की दोघंही दिसेनासे झाले.

वाफ विरली तेव्हा भिंत उघडी उभी होती. पाइपाभोवतीची माती भाजून विटेसारखी लाल झालेली. वाशांची टोकं काळी, पण वाशांना आग लागली नव्हती. आत्तींनी त्यांच्यावर आणखी एक हंडा फेकला, उगाच, पुन्हा एकदा.

संपत पाइपापाशी गेला. त्यानं ठेवलेल्या हातभर मोकळ्या जागेत काहीतरी होतं. पाइपाला लगटून, पत्र्याच्या आतून, केंबळाची एक जाड चुंबळ कुणीतरी बसवलेली. अर्धी जळलेली, अर्धी शाबूत. शाबूत राहिलेल्या भागात तीनपदरी पीळ होता, आणि शेवट आत वळवून लपवलेला. असा शेवट आमच्या डोंगरावर एकच माणूस लपवतो.

संपतनं ती हातात घेतली. फिरवून बघितली. मग त्यानं नानांकडं पाहिलं.

नाना पावसात उभे होते. दोन्ही हात पुढं, तळवे आभाळाकडं, पाणी पडू देत. प्रसाद घ्यायला धरतात तसे. तळव्यांकडं मला बघवलं नाही. ते संपतकडंही बघत नव्हते. मान खाली.

“वारं फिरलं न्हवतं,” ते म्हणाले. “थेंब... दोरीवर थेंब येत व्हता रं.”

मला वाटलं, आता संपत बोलेल. त्यानं बोलावं असं मलाही वाटत होतं.  संपतनं चुंबळ खाली टाकली, पायानं चिखलात दाबली, पार नाहीशी होईपर्यंत दाबली.

“टोपी आणलीय,” तो म्हणाला. “बसवून घेऊ. तुम्ही नका हात लावू, फक्त सांगा.”

नाना म्हणाले, “अंतर ठिव. हातभर म्हनालास ना? दोन हात ठिव.”

त्याच वेळी, कसा कोण जाणे, दरीतला ढग फाटला. मेपासून मी इकडची दरी पाहिली नव्हती. विसरलेच होते, की आमच्या घरामागं एवढं काही आहे. समोरचा सगळा डोंगर हिरवा, आणि त्यावरून पांढऱ्या धारा, इतक्या की मोजायचं मनातसुद्धा येऊ नये. वरून खालपर्यंत, सगळीकडून, आवाज करत. पाऊस क्षणभर थांबला. आत्ती हंडा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. घोंगडीच्या आत काहीतरी हललं म्हणून मी बघितलं, तर जाईचे डोळे सताड उघडे होते. रडणं नाही. पेटीतल्या दिव्यानंतर, खोलीतल्या अंधारानंतर हा तिचा पहिला उजेड. ती बघत होती.

“वारं लागंल तिला,” आत्ती अगदी हळू म्हणाल्या, पण आत चल म्हणाल्या नाहीत.

मग नानांना दवाखान्यात नेलं. संपतनं टोपी बसवली, तिच्याभोवती झडी नाही, दोन हात नुसता पत्रा. त्या पावसाळ्यात भिंत पुन्हा कधी गरम झाली नाही, खोली मात्र उबदार राहिली. जाई वाढली. आमच्या घरात त्या दिवसाला ‘टोपी आणली तो दिवस’ म्हणतात. त्यापुढं कुणी काही बोलत नाही, आणि जाईला त्यातलं काहीच ठाऊक नाही.

नाना अजून झडी बांधतात. गाठी आता संपत मारतो.

परवा जाईच्या शाळेतून सांगून पाठवलं होतं, घरातल्या सगळ्यांच्या तळहातांचे ठसे कागदावर घेऊन या. तिनं ताटलीत निळा रंग कालवला आणि ओट्यावर दुकान मांडलं. आत्तींचा ठसा उमटला, भेगांसकट, उन्हाळ्यातल्या शेतासारखा. संपतचा, माझा, तिचा स्वतःचा. रंगातून सुटलेल्या पांढऱ्या रेघा ती बोटानं गिरवत होती आणि कुणाची कुठं जाते ते आपल्या मनानं सांगत होती. “ही मुंबईला. ही शाळेत. ही आत्याच्या घरी.”

मग नाना ओट्यावर आले. “माझाबी घे की,” म्हणाले. तिनं त्यांच्या हाताला रंग फासला, कागदावर दोन्ही हातांनी दाबला, वर चढून बसली आणि मग कागद सोलून काढला.

पाच बोटं, आणि मध्ये नुसता निळा. एकसारखा. एकही रेघ नाही.

तिला वाटलं, नीट दाबलं गेलं नाही. तिनं पुन्हा रंग लावला, पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. नाना रंगाचा हात तसाच पुढं धरून तिच्याकडं बघत हसत होते. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडं वळवला, अंगठ्यानं पुसून पुसून शोधला. मग माझ्याकडं वळली.

“आई,” तिनं विचारलं, “नानांच्या रेघा कुणी घेतल्या?”